कॉफी, पण कोणती?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडे कॉफीचा केक आणि कॉफीचे श्रीखंड अशा दोन पाककृती प्रसिद्ध झाल्या. पदार्थांची निवड चांगली होती आणि कृतीही सुटसुटीत लिहिलेली होती. पण साहित्याच्या यादीत दोन्ही ठिकाणी ‘कॉफी – २ चमचे’ एवढेच छापलेले होते. मी नाशिकमध्ये घरगुती स्वरूपात केक आणि मिठाईचे वर्ग घेते, त्यामुळे या मोघमपणाचा हिशेब नंतरच्या आठवड्यात माझ्या ओट्यावर येऊन पडला. एका विद्यार्थिनीने घरात होती ती फिल्टर कॉफीची पूड तशीच श्रीखंडात कालवली. चक्का रात्रभर टांगून, पुरणयंत्रातून काढून इतका मऊ केलेला, आणि प्रत्येक घासाला दाताखाली कचकच. दुसरीने केकमध्ये इन्स्टंट कॉफीचे दोन मोठे चमचे शिगोशीग भरून घातले, तेव्हा मुलांनी पहिल्याच तुकड्याला तोंड वाकडे केले. तिसरीचा केक दिसायला छान गडद झाला, पण त्याला करपट-गोडसर वास येत होता आणि कॉफीचा मागमूस नव्हता, कारण तिच्या पाकिटात कॉफीच्या जोडीला जवळजवळ तितकीच चिकोरी होती. तिघींनीही छापील कृती अक्षरशः पाळली होती.

आपल्या जिल्ह्यात, लासलगावच्या बाजार समितीत, नुसता ‘कांदा’ म्हणून भाव कोणी विचारत नाही. लाल की उन्हाळ हे आधी ठरते, मग बाकीचे बोलणे. कॉफीच्या बाबतीत मात्र पाककृती लिहिणारे, पूड विकणारे आणि कॅफेचे मेन्यूकार्ड छापणारे असे सगळेच एका नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वस्तू खपवत असतात. कॉफी पिणाऱ्याला आणि कॉफी घालून रांधणाऱ्याला आपल्यापुढे नेमके काय आहे हे सांगितले जावे, एवढेच या पत्रातून मला मांडायचे आहे. त्यासाठी थोडे विस्ताराने लिहिते.

कॉफीचे कच्चे बी हिरवट-करड्या रंगाचे असते आणि त्याला आपण ओळखतो तो कॉफीचा वास नसतो. भाजताना साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते तडतडते, त्यातील पाणी उडून जाते, वजन १५ ते २० टक्क्यांनी घटते आणि बियांतील साखर व प्रथिनांचे घटक यांच्यात उष्णतेने जी क्रिया घडते तिच्यातून रंग, सुगंध आणि थोडा कडवटपणा तयार होतो. कांदा-खोबरे खरपूस भाजताना किंवा खवा परतताना घडते ती याच जातीची क्रिया आहे. हा धागा पुढे रश्श्याच्या वेळी उपयोगी पडेल, म्हणून येथेच सांगून ठेवते. भाजलेले बी दळले की झाली कॉफीची पूड. या पुडीतील साधारण पाचवा हिस्सा गरम पाण्यात उतरला की कॉफी चांगली उतरली असे जाणकार मानतात. उरलेला चोथा असतो, तो कितीही घोटला तरी विरघळत नाही. इन्स्टंट कॉफी म्हणजे हा अर्क कारखान्यातच काढून, पुढे गरम हवेच्या झोतात फवारून किंवा गोठवून वाळवलेला असतो. म्हणून पूड ही गाळून घेण्याची वस्तू आहे आणि इन्स्टंट ही विरघळवण्याची. एकीच्या चमच्याच्या जागी दुसरीचा एक चमचा घालता येत नाही, कारण पहिलीचा बहुतेक भाग टाकून द्यायचा असतो आणि दुसरीचा कणन् कण पोटात जायचा असतो.

हे ज्यांना अजूनही पटत नसेल त्यांनी २०२० च्या टाळेबंदीतील दिवस आठवावेत. त्या काळात घरोघरी इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी समप्रमाणात घेऊन दालगोना नावाचा फेस फेटला जात होता आणि मनगटे भरून येत होती. (आमच्या पिढीने स्टीलच्या पेल्यात चमच्याने कॉफी-साखर पांढुरकी होईपर्यंत फेटली तेव्हा तिला परदेशी नाव नव्हते, एवढाच फरक.) इन्स्टंट कॉफीतील आटलेले विद्राव्य घटक साखरेच्या घट्ट पाकात हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, म्हणून तो फेस उभा राहतो. त्या जागी फिल्टरची पूड घेऊन तासभर फेटले तरी भांड्यात ओला चिखलच राहतो.

आता चिकोरीविषयी. ही एका वनस्पतीची मुळी असून आपल्याकडे तिचे पीक प्रामुख्याने गुजरात आणि उत्तर प्रदेशात घेतले जाते. मुळी वाळवून, भाजून, दळून ती कॉफीत मिसळतात. तिच्यात कॅफिन नसते. तिच्यातील इन्युलिन हा पिष्टासारखा घटक भाजल्यावर गडद आणि गोडसर होतो, त्यामुळे डिकॉक्शनला, म्हणजे पुडीतून गाळून उतरवलेल्या घट्ट अर्काला, रंग आणि दाटपणा येतो. चिकोरी घातली म्हणजे भेसळ झाली असे मुळीच नाही. दक्षिणेतील फिल्टर कॉफीची ओळखच तिच्या मिश्रणावर उभी आहे आणि दुधात घालण्यासाठी मला स्वतःला थोडी चिकोरी आवडते. भेसळ होते ती लपवल्यावर. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात वजनाने किमान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे. मोठ्या कंपन्या ते छापतात, फक्त अशा जागी की वाचायला चष्मा लावून पाकीट उजेडाकडे धरावे लागते. तेथे ७० आणि ३० हे आकडे दिसले तर त्यातील ३० टक्के कॉफी नव्हे, हे गृहिणीने लक्षात घ्यावे. मग केकमध्ये चव का उतरत नाही याचे कोडे उरत नाही.

सुट्या पुडीचे दुखणे वेगळे आहे. नाशिकच्या बाजारपेठेत एका दुकानात मी डोळ्यांसमोर दळून मिळणारी पूड घेण्यास गेले असता मिश्रणाचे प्रमाण आणि बी कधी भाजले ते विचारले. उत्तर मिळाले, ‘‘काकू, एकदम कडक आहे, घेऊन तर जा.’’ कडकपणा हे काही प्रमाण नव्हे. त्या कागदी पुडीवर दुकानाचे नाव होते, वजन होते, भाव होता. बाकी काही नव्हते. घरी येऊन काचेच्या पेल्यात थंड पाणी घेतले आणि वरून चमचाभर पूड हलकेच भुरभुरली. ही चाचणी अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच घरगुती तपासणीसाठी सांगितलेली आहे. भाजलेल्या कॉफीच्या कणांत तेल असल्याने ते पृष्ठभागावर तरंगत राहतात. चिकोरीचे कण पाणी पिऊन लगेच खाली निघतात आणि जाताना मागे तांबूस-तपकिरी रेघा सोडतात. माझ्या पेल्यात पाहता पाहता अशा रेघांची झालर तळापर्यंत उतरली आणि वर कॉफीचा जेमतेम एक पातळ थर उरला. या चाचणीने टक्केवारी समजत नाही, मिसळ आहे की नाही एवढेच समजते. पण ‘शुद्ध’ म्हणून घेतलेल्या पुडीसाठी तेवढे पुरेसे आहे. ब्राझील आणि व्हिएतनाममधील दुष्काळानंतर २०२४-२५ मध्ये जगभर कॉफीचे भाव विक्रमी पातळीवर गेले होते आणि चिकोरी कॉफीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, हे दोन्ही एकत्र ठेवून पाहिले की हात कोणत्या बाजूला सैल सुटत असेल ते सांगायला नको.

बी कोणते, हा पुढचा प्रश्न. अरेबिकाला सुगंध आणि किंचित आंबटसर चव असते. रोबस्टा कडवट, दाट आणि कॅफिनने अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. भारतात पिकते त्यात रोबस्टाचा वाटा मोठा आहे आणि एकूण उत्पादनात कर्नाटक सर्वांत पुढे आहे, त्यामागून केरळ आणि तमिळनाडू. सूफी संत बाबा बुदन यांनी येमेनहून आणलेल्या सात बियांची कथा कॉफीवरील प्रत्येक लेखात येतेच, म्हणून ती येथे लांबवत नाही. त्यापेक्षा ग्राहकाच्या उपयोगाची गोष्ट अशी की, पावसाळी वाऱ्यावर मुरवलेल्या मॉन्सून्ड मलबार कॉफीला २००८ साली आणि २०१९ साली कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व अराकू खोऱ्यातील अरेबिका तसेच वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्या राज्यात चिखलदऱ्यालाही कॉफीची थोडी लागवड आहे, हे अनेक नाशिककरांना ठाऊक नसते. द्राक्षाची जात आणि वाइनचा हंगाम विचारणाऱ्या या शहराला कॉफीचे गाव विचारणे जड जाऊ नये.

पिण्याविषयी लिहिताना नव्या कॅफेसंस्कृतीशी माझा थोडा वाद आहे. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर आता चांगले कॅफे झाले आहेत, तेथील मुले कॉफी मनापासून करतात, नऊ बारच्या दाबाखाली अर्ध्या मिनिटाच्या आत उतरणारा एस्प्रेसो म्हणजे काय ते समजावून सांगतात, आणि त्याचा मला आनंदच आहे. परंतु ‘मराठी घरात कॉफी उकळून तिचा खून करतात’ असे जे हसत हसत सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. तुर्की कॉफी इब्रिकमध्ये, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात, चुलीवरच फेसाला आणतात आणि तिच्या परंपरेला २०१३ साली युनेस्कोने जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपली जायफळाची कॉफी ही दुधात शिजणारी कॉफी आहे. दुधातील प्रथिने कॉफीचा तुरटपणा पुष्कळसा बांधून ठेवतात, साखर उरलेला कडवटपणा झाकते आणि जायफळाचा उष्ण, किंचित कापरासारखा वास कॉफीच्या भाजल्या वासावर बरोबर बसतो. निफाडकडे पारा खाली उतरतो त्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हिला तोड नाही.

मात्र तिच्यातही पूड आणि इन्स्टंट यांची वाट वेगळी आहे. पूड असेल तर ती दुधाआधी पाण्यात मिनिटभर उकळून, झाकून मुरवून, गाळून मग गरम दुधात मिळवावी. इन्स्टंट असेल तर तिला उकळण्याचे काही कारणच नाही, कारण तिच्यातून काढायचे ते कारखान्यात काढून झालेले आहे. उकळीने तिचा उरलासुरला सुगंध मात्र वाफेबरोबर जातो. गॅस बंद केल्यावरच ती घालावी. जायफळ शेवटी आणि अगदी थोडे, किसणीवर दोनदा ओढले इतके. वेलदोडा आणि जायफळ दोन्ही घातले की ती कॉफी राहत नाही, मसाला दूध होते. तेही चांगले, पण ते कोजागरीला. गूळ घालायचा असेल तर पातेले खाली उतरवून दूध थोडे निवल्यावर घालावा, नाहीतर ते फाटण्याची भीती असते. कोडगूकडे गुळाची कॉफी बिनदुधाचीच करतात, त्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही.

फिल्टरची गोष्ट निराळी. ओझरला १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना उभा राहिला आणि त्या कंपनीचे मुख्यालय बंगळुरूत, त्यामुळे तेथील वसाहतीत कानडी-तमिळ कुटुंबे आली. आमच्यासारख्या अनेक नाशिककरांनी डिकॉक्शन पहिल्यांदा चाखले ते त्यांच्याकडे. पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरच्या वरच्या भांड्याला तळाशी बारीक छिद्रे असतात. त्यात मध्यम-बारीक दळलेली पूड घालून चकतीने हलकेच दाबायची, उकळी थांबलेले पाणी आधी थोडे घालून पूड फुगू द्यायची, मग उरलेले ओतून झाकण लावायचे आणि हात लावायचा नाही. घाई झाली म्हणून फिल्टर ठोकणे, चमच्याने ढवळणे हे प्रकार केले की पूड सरकते, पाणी एका बाजूने निसटते आणि खाली मिळते ते तपकिरी पाणी. आपल्या भांडी बाजारात शोधले तर पितळी फिल्टर मिळतो. आतून कल्हई आहे ना, ते पाहून घ्यावा.

आता स्वयंपाक. माझ्या मते कॉफी ही गोडाला कडवटपणाची धार देणारी वस्तू आहे आणि तिला वासापुरती एसेन्ससारखी वापरणे हा तिचा अपव्यय आहे. आपल्या बहुतेक मिठाया गोडावर गोड चढवतात. श्रीखंडात दह्याचा आंबटपणा आधीच असतो, म्हणून तेथे कॉफी शोभते. पाव किलो चक्क्याला बिनचिकोरीच्या इन्स्टंट कॉफीचा सपाट भरलेला एक चहाचा चमचा पुरतो. ती दोन लहान चमचे कोमट दुधात पूर्ण विरघळवावी, साखर मिसळून झाल्यावर घालावी आणि तासभर झाकून ठेवावे, कारण लगेच चाखले तर कॉफी फिकी वाटते आणि हात आणखी डब्याकडे जातो. डिकॉक्शन घातले तर श्रीखंड पातळ होते. पूड घातली तर काय होते ते वर सांगितलेच आहे. केशर येथे नको. केशराचा वास कॉफीपुढे टिकत नाही आणि पैसे मात्र जातात.

चॉकलेटच्या केकमध्ये नेमके उलट आहे. तेथे द्रव लागतोच, म्हणून कोकोवर गरम, गाळलेली कडक कॉफी ओतावी आणि कृतीतील पाण्याचे किंवा दुधाचे तेवढे माप कमी करावे. गरम द्रवाने कोको फुलतो, आणि कोको व कॉफी दोन्ही भाजलेल्या बिया असल्याने एकीची चव दुसरीला उचलून धरते. खाणाऱ्याला कॉफी जाणवत नाही, चॉकलेट अधिक गडद लागते. कॉफीचाच केक करायचा असेल तर मात्र कोको अजिबात घालू नये. इटलीच्या तिरामिसू या थरांच्या मिठाईत बिस्किटे कॉफीत बुडवतात, तेथेही कॉफी बिनसाखरेची आणि कडकच हवी, कारण गोडवा वरच्या मलईत असतो. जपानमध्ये कॉफीची जेली घरोघरी चालते. ती अगर-अगरवर, म्हणजे आपल्या चायनाग्रासवर जमते, त्यामुळे शाकाहारी घरातही करता येते. उन्हाळ्यात गाळलेली काळी कॉफी चायनाग्रासमध्ये जमवून, चौकोनी तुकडे करून वर थंड साय-साखर ओतली, तर खर्च नगण्य आणि पाहुणे खूश. नारळाच्या वडीत मात्र मला कॉफी कधीच पटली नाही. ओल्या नारळाचा नाजूक वास ती गिळून टाकते.

तिखटात कॉफी म्हटले की आपल्याकडे भुवया उंचावतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हॅम तळून झाल्यावर तव्यातील चरबीत काळी कॉफी ओतून पातळ रस्सा करतात, आणि मांसाला चोळायच्या कोरड्या मसाल्यातही तेथे कॉफीची पूड असते. आपल्याला इतके लांब जायची गरज नाही. नाशिक-खानदेशच्या काळ्या रश्श्याचा जीव कांदा आणि सुके खोबरे काळसर भाजण्यात आहे, आणि वर म्हटल्याप्रमाणे कॉफीचा कडवटपणाही त्याच भाजण्यातून आलेला आहे. अर्धा किलो मटणाच्या रश्श्यात, मटण शिजत आल्यावर, एक मोठा चमचा बिनचिकोरीचे घट्ट डिकॉक्शन घालून दहा मिनिटे मंद आंच द्यावी. कॉफीचा वास राहत नाही. रश्श्याला खोली येते आणि तिखट जिभेवर थोडे उशिरा पोचते. चिकोरी असेल तर तिचा गोडवा उघडा पडतो, म्हणून येथेही पाकीट वाचूनच हात घालावा. डिकॉक्शन जास्त पडले तर मिठाची चिमूट आधी घालून पाहावी. मिठाने कडवटपणा जिभेला कमी जाणवतो, साखरेने रश्श्याची चव बिघडते. काळ्या मसुराच्या आमटीलाही हे मानवते. मिसळीत मात्र हा प्रयोग कोणी करू नये. तिच्या कटाला, शेवेला, लिंबाला आणि कांद्याला आणखी एका आगंतुकाची गरज नाही, आणि नाशिककरांपुढे तसे सुचवण्याचे धाडसही माझ्यात नाही.

या सगळ्यात माझे मागणे फार नाही. पाककृती छापताना आपल्या पुरवणीने ‘इन्स्टंट कॉफी, बिनचिकोरीची, १ चहाचा चमचा’ किंवा ‘गाळलेले डिकॉक्शन, पाव वाटी’ असे नेमके लिहावे. चमचा म्हणजे चहाचा की पोह्यांचा, सपाट की शिगोशीग, हेही त्यात यावे. त्याला एक ओळ अधिक लागेल. सुटी पूड विकणाऱ्यांनी पुडीवर मिश्रणाचे प्रमाण आणि भाजल्याची तारीख हाताने का होईना लिहावी, कारण दळलेल्या कॉफीचा सुगंध काही आठवड्यांतच उतरतो आणि पावसाळ्यात तर झाकण घट्ट नसले की आणखी लवकर. आणि कॅफेवाल्यांनी मेन्यूकार्डवर ‘कोल्ड कॉफी’ या नावाखाली काय येते, डिकॉक्शन, इन्स्टंट की तयार सिरप, ते लिहावे. सिरपाला माझी हरकत नाही. त्याचा भाव कॉफीच्या भावाने लावायला आहे.

शेवटचा मुद्दा आरोग्याचा आहे आणि तो नेमकेपणाचाच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये असे म्हटले आहे. दीडशे मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० आणि तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते, असे त्यात दिलेले आहे; म्हणजे कॉफी कोणती हे ठाऊक नसेल तर हा हिशेबसुद्धा करता येत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळावी, कारण तिच्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही, हेही त्याच सूचनांत आहे, आणि आपल्याकडील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण पाहता ते गंभीरपणे घ्यायला हवे. कॅफिन शिजवण्याने नाहीसे होत नाही. केकमध्ये, श्रीखंडात, जेलीत ते तसेच राहते, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर लहान मुलांना कॉफीचे श्रीखंड वाढून मग ती झोपत नाहीत अशी तक्रार करू नये. गरोदरपणात कॅफिनची मर्यादा आणखी कमी, साधारण दिवसाला २०० मिलिग्रॅम, मानली जाते. अलीकडे डोहाळजेवणाच्या ताटात कॉफीची बर्फी, कॉफीचे मोदक असे नवे प्रकार ठेवण्याची हौस वाढली आहे. निदान तेथे तरी मिठाईवाल्याने खोक्यावर आणि यजमानिणीने तोंडी, हा पदार्थ कॉफीचा आहे आणि त्यात कॉफी किती आहे, हे त्या मुलीला आधी सांगावे.

कळावे,

आपली एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक